आलापल्लीच्या चौकात सर्व्हर मांडायचा तर...

आलापल्ली : अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे रस्त्यांचे गाव आहे. गडचिरोलीकडून आष्टीमार्गे येणारी वाट येथे फुटते. एक फाटा सिरोंच्याला, एक भामरागडला आणि एक जवळच्याच अहेरीला जातो. सागवानासाठी ख्यात असलेल्या या वनक्षेत्रात झाड तोडले की ओंडक्यावर क्रमांक पडतो, त्याची लांबी आणि गोलाई नोंदवहीत उतरते, आगारात थप्पी लागते, लिलाव होतो आणि वाहतूक परवान्यावर तोच तपशील पुढच्या गावी जातो. लाकूड कोठेही गेले तरी ते कोणते, हे वहीवरून सांगता येते. नोंदीची ही पद्धत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. ‘डेटाबेस’ हा शब्द ऐकताच ज्यांना काही गूढ असल्याचा भास होतो, त्यांनी आगारातील ही वही डोळ्यांसमोर आणावी. डेटाबेस म्हणजे तीच वही. फरक एवढाच की ती एकाच वेळी दहाजणांना उघडता येते आणि चुकीचा क्रमांक लिहू पाहणाऱ्याला ती स्वतःच अडवते.

प्रश्न आहे तो ही वही ठेवायची कोठे, हा. शहरातील वाचकांचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, हिशेब हे सारे आज परक्या कंपन्यांच्या यंत्रांवर असते आणि इंटरनेट चालू असेतो त्याची कोणाला खंतही वाटत नाही. आलापल्लीच्या पलीकडे मात्र पावसाळ्यात चित्र बदलते. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे छापल्या आहेत. रस्ता, वीज आणि दूरध्वनीची तार यांचे दुखणे बहुधा एकाच वेळी उद्भवते. अशा वेळी रुग्णाचे केसपेपर, ग्रामसभेचे तेंदूचे हिशेब किंवा शाळेच्या ग्रंथालयाची सूची मुंबईच्या अथवा सिंगापूरच्या यंत्रावर असेल, तर ती असून नसल्यासारखी होते. तीच नोंद गावातील कपाटाएवढ्या खोलीत असेल, तर बाहेरचे जग बंद असतानाही काम चालू राहते. स्वतःचा सर्व्हर मांडण्यामागचे मुख्य कारण हेच. मात्र परक्याच्या यंत्रावर जी काळजी पगारी तज्ज्ञ घेतात, ती सारी या व्यवहारात आपल्या गळ्यात येते. या लेखाचा बहुतेक भाग त्या काळजीविषयीच आहे.

गनियारीचा अनुभव

याचे जवळचे उदाहरण शेजारच्या छत्तीसगडमध्ये सापडते. बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था आदिवासी आणि ग्रामीण रुग्णांसाठी रुग्णालय चालविते. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये शिकलेल्या डॉक्टरांनी उभारलेल्या या रुग्णालयाच्या गरजेतून, थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या सहभागाने, २०१३ च्या सुमारास ‘बाह्मनी’ ही मुक्त स्रोत प्रणाली पुढे आली. मुक्त स्रोत म्हणजे जिची आज्ञावली कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येते अशी. रुग्णालयाच्या आवारातील सर्व्हरवर आणि आतल्या जाळ्यावर चालावी, अशीच तिची रचना आहे.

बाह्मनी ही एकसंध वस्तू नाही. रुग्णाच्या तपासणीच्या नोंदी ‘ओपनएमआरएस’मध्ये राहतात. ही प्रणाली २००४ मध्ये सुरू झाली आणि केनियातील एल्डोरेट येथे प्रथम रुजली. प्रयोगशाळेचे काम ‘ओपनएलिस’कडे आहे, तर औषधसाठा आणि बिले पूर्वी ‘ओपनईआरपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘ओडू’कडे. पहिली ‘मायएसक्यूएल’ डेटाबेस वापरते, उरलेल्या दोन ‘पोस्टग्रेसक्यूएल’. म्हणजे एका रुग्णालयासाठी तीन प्रणाली आणि दोन जातींचे डेटाबेस! डॉक्टरने रक्ततपासणी लिहिली की त्याची वर्दी प्रयोगशाळेच्या प्रणालीला जाते आणि निकाल उलट दिशेने परत येतो. नव्या माणसाला हे जडच जाते. पण यातून एक गोष्ट ध्यानात येते : पडद्यावर दिसणारे पान हे वरचे टरफल असते, खरी ठेव खालच्या डेटाबेसमध्ये असते. पान बिघडले तर आज्ञावली पुन्हा उतरवून घेता येते. डेटाबेस गेला तर तो पुन्हा कोठूनही उतरवता येत नाही.

मराठी मुलखात स्वतःच्या यंत्रावर ठेव सांभाळण्याची रीत नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने आपली जुनी पुस्तके ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीवर वाचकांना खुली केली. ग्रंथालयांसाठीची ‘कोहा’ ही प्रणाली न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झाली, २००० च्या प्रारंभी सुरू झाली आणि आज भारतातील अनेक महाविद्यालयांत दिसते. विकिपीडियाच्या मागची ‘मीडियाविकी’ कोणालाही आपल्या यंत्रावर बसवता येते. या साऱ्यांची मागणी जवळपास सारखीच असते : एक संगणक, त्यावर लिनक्स, पाने वाढणारा वेब सर्व्हर आणि नोंदी सांभाळणारा डेटाबेस.

सर्व्हर म्हणजे नेमके काय?

सर्व्हर या शब्दाने डोळ्यांसमोर थंड खोलीतील लोखंडी कपाटे येतात. प्रत्यक्षात मागणी आली की उत्तर देणारा कोणताही संगणक हा सर्व्हरच. पन्नास-शंभर माणसांच्या वापरासाठी पुस्तकाच्या आकाराचा छोटा संगणक, आठ गिगाबाइट स्मृती आणि साधी एसएसडी चकती पुरते. बाह्मनीसारख्या मोठ्या प्रणालीला त्याच्या दुप्पट स्मृती असलेली बरी. त्यावर डेबियन किंवा उबुंटू यांची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती बसवावी.

‘दीर्घ पाठिंबा’ हे शब्द वाचून पुढे जाण्यासारखे नाहीत. सर्व्हरसाठी एके काळी सर्रास वापरली जाणारी ‘सेंटओएस’ ही लिनक्सची जात पाहावी. तिच्या आठव्या आवृत्तीचा पाठिंबा २०२१ च्या अखेरीस थांबला आणि सातवीचा ३० जून २०२४ रोजी. ज्यांनी विश्वासाने त्यावर संसार मांडला होता, त्यांना घर बदलावे लागले. पोस्टग्रेसक्यूएलची प्रत्येक मोठी आवृत्ती साधारण पाच वर्षे सांभाळली जाते. म्हणजे आज मांडलेला सर्व्हर पाच वर्षांनी जुना होणार, हे ठरलेलेच आहे. त्या वेळी तो हलवणारा माणूस गावात असेल काय, हा प्रश्न यंत्र खरेदी करतानाच विचारलेला बरा.

डेटाबेस निवडताना बहुतेकांची धांदल उडते ती विनाकारण. बसवायची प्रणाली ज्याची शिफारस करते, तो घ्यावा. मायएसक्यूएल १९९५ मध्ये स्वीडनमध्ये जन्मले, २००८ मध्ये सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेले. या हस्तांतराची चिंता वाटून मूळ निर्माते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये ‘मारियाडीबी’ ही शाखा काढली. दोन्ही डेटाबेसना त्यांनी आपल्या मुलींची, मी आणि मारिया यांची, नावे दिली. पोस्टग्रेसक्यूएलचे मूळ १९८६ पासूनच्या बर्कले विद्यापीठातील प्रकल्पात आहे. लहान कामासाठी ‘एसक्यूलाइट’ तर एका फाइलीत मावते. मात्र एकाच वेळी अनेकजण लिहिणार असतील तर पहिल्या तिघांपैकी एक घेणे श्रेयस्कर.

तेंदूच्या वहीचे तक्ते

उदाहरणादाखल आलापल्ली परिसरातील एखाद्या ग्रामसभेने तेंदू हंगामाचा हिशेब संगणकावर ठेवायचे ठरवले, असे समजू. अनुसूचित क्षेत्रासाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांच्या आधारे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करू लागल्या आहेत. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, असे माप आहे. उन्हाळ्यातील थोडक्या दिवसांत कुटुंबे पाने आणतात, फळीवर पुडे मोजले जातात आणि शेकड्याच्या दराने मजुरी ठरते. पुढे विक्रीतून मिळणाऱ्या रकमेचे वाटपही याच मोजणीवर अवलंबून असते. येथे एक आकडा चुकला तर तो एका घराच्या वर्षभराच्या रोख कमाईतून वजा होतो.

नवखा माणूस हे सारे एकाच लांबलचक तक्त्यात मांडतो : तारीख, नाव, गाव, फळी, पुडे, दर, रक्कम. दहाव्या दिवशी एकाच बाईचे नाव तीन प्रकारे लिहिलेले सापडते आणि बेरीज लागत नाही. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित रचनेचे सार एवढेच की प्रत्येक गोष्ट एकदाच लिहावी आणि इतरत्र तिचा क्रमांक वापरावा. कुटुंबांचा एक तक्ता, त्यात प्रत्येक कुटुंबाला एक क्रमांक, फळ्यांचा दुसरा, रोजच्या मोजणीचा तिसरा, ज्यात तारीख, कुटुंब क्रमांक, फळी क्रमांक आणि पुड्यांची संख्या. दर बदलतो म्हणून त्याचा चौथा तक्ता, ‘या तारखेपासून’ या रकान्यासह. रक्कम लिहून ठेवायची नसते, ती काढायची असते. ओंडक्यावर क्रमांक घालणाऱ्या गावाला ही कल्पना कोणी नव्याने शिकवायला नको.

डेटाबेसला पुढे काही अटी घालून देता येतात. कुटुंबांच्या तक्त्यात नसलेला क्रमांक मोजणीत येऊ नये. पुडे ऋण नसावेत. एका कुटुंबाची एका दिवसाची एका फळीवरची नोंद दोनदा होऊ नये. या अटी पडद्यावरच्या अर्जात न घालता डेटाबेसमध्येच घातल्या, तर नोंद कोणत्याही मार्गाने आली तरी त्या लागू राहतात. चारशे कुटुंबे आणि पंधरा दिवस धरले तर वर्षाला सहा हजार ओळी होतात. संगणकाच्या हिशेबाने हे काहीच नव्हे. एखाद्या मोबाइल छायाचित्रापेक्षाही कमी जागेत वर्षाचा हिशेब मावतो. तेव्हा मोठे यंत्र विकू पाहणाऱ्या दुकानदाराला हा आकडा सांगावा.

आलापल्ली की अल्लापल्ली?

मराठी नोंदींचे एक दुखणे इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. या गावाचेच नाव घ्या. ते ‘आलापल्ली’ असेही लिहिले जाते आणि ‘अल्लापल्ली’ असेही. माणसाला दोन्ही एकच. डेटाबेसला ती दोन गावे. यावर उपाय म्हणजे गावाची ओळख नावाने न ठेवता संकेतांकाने ठेवणे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला संकेतांक दिलेला आहे, तो वापरावा. नाव मग कसेही लिहिले तरी हरकत नाही.

लिपीचा प्रश्न त्याहून चिवट आहे. मायएसक्यूएलमध्ये दीर्घकाळ मूळ वर्णसंच युरोपीय लिप्यांसाठीचा ‘लॅटिन-१’ होता. त्यावर मराठी साठवले की प्रश्नचिन्हांची रांग मिळायची. सावध लोक ‘यूटीएफ-८’ निवडत. पण मायएसक्यूएलमधील या नावाचा संच अर्धवट होता. एका अक्षराला तो जास्तीत जास्त तीन बाइट देई. देवनागरीची अक्षरे तीन बाइटांत बसतात, म्हणून मराठी माणसाला खोट दिसत नसे. गोंडीची गोष्ट मात्र वेगळी. मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. त्यांच्या अक्षरांना चार बाइट लागतात. म्हणजे गोंडी आणि माडिया बोलणाऱ्यांच्या मुलखात बसवलेला डेटाबेस जुन्या संचावर असेल, तर गोंडी लिपीतील नाव तो स्वीकारणारच नाही किंवा मध्येच तोडून टाकील. चार बाइटांचा ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हा संच २०१० मध्ये आला आणि २०१८ च्या मायएसक्यूएल ८ पासून तो आपोआप लागू होतो. जुन्या यंत्रावरून नोंदी हलवताना हे मुद्दाम तपासावे. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये डेटाबेस ‘यूटीएफ-८’ म्हणून निर्माण केला की ही अडचण राहत नाही.

क्रमवारीचेही तसेच. युनिकोडच्या क्रमांकांत ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे आहे; मराठी वर्णमालेत ते ‘ह’च्या नंतर येते. केवळ क्रमांकांवर लावलेल्या यादीत ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी येईल, मराठी शब्दकोशाच्या रिवाजाप्रमाणे ते नंतर यायला हवे. पोस्टग्रेसक्यूएलच्या २०१७ मधील दहाव्या आवृत्तीपासून ‘आयसीयू’ नावाचे क्रमसंच जोडता येतात आणि त्यांत मराठीचा समावेश आहे. शिवाय ‘तऱ्हा’सारख्या शब्दातील अर्धा र दोन-तीन प्रकारे टंकित होऊ शकतो. पडद्यावर सारखाच दिसतो, आत संकेत निराळे. शोधताना नोंद सापडत नाही आणि कारकून नवी नोंद करून मोकळा होतो. नोंद साठवण्यापूर्वी लेखन एकरूप करण्याची सोय प्रणालीत आहे का, हे विचारून घ्यावे.

उभारणीचा क्रम

लिनक्स बसले की प्रथम सुरक्षा सुधारणा आपोआप येतील अशी तजवीज करावी. त्यानंतर डेटाबेस त्याच लिनक्सच्या भांडारातून बसवावा, एखाद्या अनोळखी संकेतस्थळावरून नव्हे. मग येते या कामातील सर्वाधिक दुर्लक्षित पायरी : प्रणालीसाठी स्वतंत्र डेटाबेस आणि त्याचा स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करणे. डेटाबेसचा मुख्य प्रशासक म्हणजे घराच्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा. तो वेब प्रणालीच्या हाती दिला आणि तिच्यात एक भोक निघाले, तर शेजारचे सारे डेटाबेसही उघडे पडतात. नव्या वापरकर्त्याला त्याच्या एका डेटाबेसपुरतेच अधिकार द्यावेत. केवळ अहवाल पाहणाऱ्यासाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेला तिसरा वापरकर्ता करावा.

यानंतर प्रणालीच्या मांडणीच्या फाइलीत चार-पाच गोष्टी लिहायच्या असतात. डेटाबेसचा पत्ता, त्याचे नाव, वापरकर्ता, परवलीचा शब्द आणि वर्णसंच. डेटाबेस त्याच यंत्रावर असेल तर पत्ता ‘स्थानिक’ राहतो. ‘डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही’ हा संदेश नवशिक्यांच्या पाचवीला पुजलेला असतो. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघते. परवलीच्या शब्दातील एखादे चिन्ह चुकीने वाचले गेलेले असते, वापरकर्त्याला ‘या यंत्रावरून’ येण्याची परवानगी दिलेली नसते किंवा डेटाबेसची सेवाच चालू नसते. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर सेवा आपोआप उठेल, अशी नोंद करून ठेवावी. परवलीचा शब्द असलेली ही फाइल वेब सर्व्हरखेरीज कोणाला वाचता येणार नाही, इतपत तिचे अधिकार आवळावेत.

घड्याळाचा विचार फारसा कोणी करीत नाही. संगणक आपली वेळ इंटरनेटवरून जुळवतो. तार तुटलेली आणि आतील छोटी बॅटरी संपलेली असेल, तर यंत्र उठल्यावर जुनीच तारीख धरून बसते आणि त्या दिवसाच्या साऱ्या नोंदी भलत्याच दिवशी पडतात. रास्पबेरी पायच्या जुन्या आवृत्त्यांत ही घड्याळाची सोयच नाही. शिवाय त्या स्मृतिपत्रावर चालतात आणि सतत लिहिणाऱ्या डेटाबेसचा भार ते पत्र फार काळ सोसत नाही. स्वस्त म्हणून ते यंत्र घेण्याचा मोह या कामापुरता तरी टाळावा.

वीज आणि उष्मा

चंद्रपूरकडचा मे महिना पंचेचाळीस अंश सहज ओलांडतो आणि तेंदूचा हंगाम नेमका त्याच सुमारास येतो. सर्व्हर पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये, भिंतीतील हवेशीर कोनाडा बरा. धूळ आणि उंदीर यांचाही बंदोबस्त हवा.

विजेचा हिशेब सोपा आहे. छोटा संगणक पंधरा वॅट आणि राउटर दहा वॅट धरला, तर दिवसाला सहाशे वॅट-तास होतात. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर अठराशे वॅट-तास देते. पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. इन्व्हर्टर स्वतः खातो तेही वजा करता, साधारण एक दिवस निभावतो. पुराच्या दिवसांत तेवढे पुरणार नाही. तेथे सौर तावदान लागते किंवा दिवसातून ठरावीक तासच सर्व्हर चालवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. बॅटरी उतरत आली की यंत्राला व्यवस्थित बंद होण्याची सूचना देणारी तार जोडलेली असावी.

अचानक वीज गेली तर काय होते? चांगले डेटाबेस मूळ तक्त्यात बदल करण्यापूर्वी तो एका रोजनाम्यात लिहितात. यंत्र पुन्हा उठले की रोजनामा वाचला जातो, पुरे झालेले व्यवहार पुढे नेले जातात आणि अर्धवट राहिलेले पुसले जातात. त्यामुळे ‘मजुरी दिली, पण शिल्लक कमी झाली नाही’ अशी अवस्था उरत नाही. मात्र हे सारे चकती खरे बोलते या गृहीतकावर उभे आहे. काही स्वस्त चकत्या ‘लिहिले’ म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात लिहिलेले नसते. खऱ्या नोंदी भरण्याआधी, चाचणीच्या नोंदी चालू असताना, एकदा मुद्दाम वीज काढून पाहावी.

दार कोणासाठी उघडे?

सर्व्हर केवळ कार्यालयातील राउटरवर चालवला तर आवारातील संगणक आणि मोबाइल त्यापर्यंत पोचतात, बाहेरचे कोणीही नाही. आलापल्लीसारख्या ठिकाणी आरंभ येथूनच करणे शहाणपणाचे. गडचिरोलीहून किंवा नागपूरहून पाहायचे असेल तर अडचण येते, कारण मोबाइल जोडणीत अनेक ग्राहकांना मिळून एकच बाह्य पत्ता दिलेला असतो. बाहेरून थेट आत येता येत नाही. मग आतल्या यंत्राने बाहेर भाड्याने घेतलेल्या छोट्या यंत्राशी कूटबद्ध बोगदा बांधायचा आणि बाहेरच्यांनी त्या वाटेने यायचे, असा मार्ग काढतात.

डेटाबेसचे स्वतःचे दार मात्र जगाला कधीही उघडे ठेवू नये. जानेवारी २०१७ मध्ये ‘मोंगोडीबी’ जातीचे हजारो डेटाबेस परवलीच्या शब्दावाचून इंटरनेटवर उघडे असल्याचे हल्लेखोरांना आढळले. त्यांनी नोंदी पुसल्या आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. पैसे भरूनही अनेकांना काही परत मिळाले नाही, कारण हल्लेखोरांनी प्रत घेतलीच नव्हती. आपले छोटे यंत्र कोण शोधणार, हा समज भाबडा आहे. शोध घेणारी यंत्रे गावाचे नाव वाचत नाहीत. ती क्रमाने प्रत्येक पत्त्याचे दार ठोठावतात.

रुग्णांची किंवा कुटुंबांची माहिती ठेवणाऱ्याला आता कायदाही पाहावा लागतो. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. यातील पहिला उपाय तांत्रिक नाहीच. ज्या माहितीची गरज नाही, ती मागू नये. मोजणीच्या तक्त्यात आधार क्रमांकाचा रकाना कशाला हवा?

प्रत आहे, पण ती उघडते का?

संगणकावरील लिखाणासाठी ‘गिटलॅब’ ही सेवा जगभर वापरली जाते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तेथील एका अभियंत्याने रात्रीच्या घाईत चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली आणि चालू डेटाबेसच पुसला गेला. प्रती ठेवण्याच्या पाच निरनिराळ्या व्यवस्था होत्या. गरज पडली तेव्हा एकही नीट चालत नसल्याचे दिसून आले. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत हाती लागली, म्हणून सहा तासांच्या नोंदींवर निभावले. कंपनीने हे लपवले नाही, सारा वृत्तान्त जाहीर केला. त्याबद्दल तिचे कौतुकच करायला हवे. पगारी तज्ज्ञांचा ताफा असलेल्या कंपनीची ही गत, तर एकट्या शिक्षकाने सांभाळलेल्या सर्व्हरची काय कथा!

चालू डेटाबेसच्या फाइली थेट उचलून ठेवणे ही प्रत नव्हे. त्या क्षणी काही पाने लिहून झालेली असतात, काही नसतात. डेटाबेससोबत येणाऱ्या ‘डम्प’ या साधनाने एका क्षणाचे सुसंगत चित्र काढावे. रोज रात्री ते आपोआप निघावे, दाबून लहान करावे आणि कूटबद्ध करावे. जुना दंडक असा : तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या गावी. अपलोड केलेली छायाचित्रे आणि मांडणीची फाइल डेटाबेसबाहेर असते, तीही सोबत घ्यावी. तेंदूच्या हिशेबाची प्रत एखाद्या पेन ड्राइव्हमध्ये आरामात मावते. आठवड्यातून एकदा ती गडचिरोलीला जाणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. पावसाळ्यात एसटीची गाडी तारेपेक्षा कधीकधी आधी पोचते! कूटबद्ध केल्याने ड्राइव्ह वाटेत हरवला तरी नोंदी उघड्या पडत नाहीत. मात्र कुलपाची किल्ली त्याच पाकिटात ठेवू नये.

यापुढचे काम बहुतेक ठिकाणी होतच नाही. महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून दुसऱ्या एखाद्या जुन्या संगणकावर सारा डेटाबेस पुन्हा उभा करून पाहावा. मोजणीच्या ओळी तितक्याच आहेत का? मराठी नावे नीट दिसतात का? आदल्या दिवशीच्या पुड्यांची बेरीज फळीवरच्या कागदी वहीशी जुळते का? किती वेळ लागला, तेही लिहून ठेवावे. हे काम दोन निरनिराळ्या माणसांना यायला हवे आणि त्यांपैकी एकाने तरी ते केवळ लिहून ठेवलेल्या सूचना वाचून, दुसऱ्याला न विचारता करून दाखवायला हवे. परवलीचे शब्द बंद लखोट्यात ग्रामसभेच्या किंवा संस्थेच्या कपाटात ठेवावेत. सर्व्हर सांभाळणारा तरुण नोकरीसाठी चंद्रपूरला निघून गेला की शब्दही त्याच्याबरोबर जातात.

कागदी वही पहिल्या दोन हंगामांत तरी बंद करू नये. फळीवरचा मुन्शी आधी वहीत लिहील, संध्याकाळी कार्यालयात ते आकडे संगणकात जातील आणि प्रत्येक कुटुंबाला त्याच्या पुड्यांची छापील चिठ्ठी मिळेल. वहीत आणि चिठ्ठीत फरक निघाला तर तो त्याच आठवड्यात, पाने आणणारी बाई समोर उभी असतानाच, मिटवता येतो. हंगाम संपून पावसाची चाहूल लागली की बॅटरीतील पाणी पाहावे, प्रत दुसऱ्या गावी रवाना करावी आणि पूर ओसरेपर्यंत यंत्राची कोणतीही मोठी आवृत्ती बदलण्याचे काम हाती घेऊ नये.